मोजा कुठं गेला? लहान मुलांना प्रश्न विचारण्याची रीत

भाचीशी खेळताना एकदा मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवलं होतं. तिचं बोबडं बोलणं जपून ठेवावं, एवढाच हेतू. रात्री ऐकायला बसले आणि ओशाळले. तीन मिनिटांत मी २१ प्रश्न विचारले होते. "हे काय? आणि हे? हा कोणता रंग? भूभू कसा करतो? सांग ना. अगं सांग, येतंय की तुला!" भाचीचे शब्द मोजले. चार. त्यातला एक "नको".

तेव्हा मला लहान मुलांच्या वर्गात शिकवून सहा वर्षं झाली होती, त्यामुळे माझ्याकडे अजाणतेपणाची सबबही नव्हती. चूक प्रश्नांत नव्हती, "हे काय?" हा चांगलाच प्रश्न आहे. पण प्रश्न म्हणजे मुलाकडे टाकलेला चेंडू. तो हळू टाकायचा, त्याच्या हाताच्या उंचीवर टाकायचा आणि परत येईपर्यंत दुसरा टाकायचा नाही. मी एकामागोमाग २१ टाकले होते आणि ती बिचारी अंग चोरून उभी होती.

घरात पहिलंच मूल आहे असे आईबाबा, नातवंड सांभाळणारे आजी-आजोबा आणि बालवर्गात नव्यानं रुजू झालेल्या ताई, यांच्यासाठी हे लिहिते आहे. मूल साधारण एक ते पाच वर्षांचं आहे असं धरलंय. सामान काही लागत नाही. वेळही वेगळा काढायला नको. आंघोळ, कपडे घालणं, पसारा आवरणं यातच हे सगळं बसतं.

पायरी पहिली : आधी बघा, मग बोला, मग विचारा

खाली बसा. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर तुमचे डोळे आले पाहिजेत. उभ्यानं विचारलेला प्रश्न मुलाला वरून आल्यासारखा वाटतो, आणि तुमचे ओठ कसे हलतात हेही त्याला दिसत नाही.

आता ते कशाकडे बघतंय ते पाहा. नवव्या-दहाव्या महिन्यापासून मुलं आपण बघतो तिकडे बघायला लागतात आणि थोड्याच दिवसांत बोट दाखवायला लागतात. ते बोट म्हणजे मुलाचा पहिला प्रश्न. "ते काय आहे?" किंवा "बघितलंस का तू?" असं ते शब्दांशिवाय विचारत असतं. अशा वेळी त्या वस्तूचं नाव सांगितलं की ते नाव चटकन चिकटतं, कारण लक्ष आधीच तिथं लागलेलं असतं. मूल डब्याच्या झाकणात रमलंय आणि आपण "इकडे बघ, पुस्तकात हत्ती कुठंय?" म्हणतोय, तर त्याला दोन कामं करावी लागतात: झाकण सोडायचं आणि हत्ती शोधायचा. झाकणाबद्दलच विचारा. हत्ती कुठं पळून जात नाही.

लगेच विचारायचीही घाई नको. मी स्वतःला लावून घेतलेली सवय अशी, की तीन वाक्यं बोलायची आणि मग एक विचारायचं. "झाकण निघालं." थांबायचं. "टक्‌ असा आवाज आला." थांबायचं. "आता डबा रिकामा." आणि मग, "त्यात काय ठेवायचं?" आधीच्या तीन वाक्यांत उत्तराला लागणारे शब्द मुलाच्या कानावर पडून गेलेले असतात. पहिल्या आठवड्यात नुसती ही एवढी सवय लागली तरी पुष्कळ झालं.

पायरी दुसरी : मुलाच्या बोलण्याप्रमाणे प्रश्न निवडा

इथं वयाकडे फार बघू नका. दोन वर्षांची दोन मुलं बोलण्यात एकमेकांपासून कोसभर लांब असू शकतात. आत्ता मूल काय बोलतंय त्यावरून प्रश्न ठरवा.

शब्द अजून फुटले नसतील तर अंगानं उत्तर देता येईल असं विचारा. "चेंडू कुठंय?" "बाबाचा बूट आण बरं." "नाक कुठंय तुझं?" मुलानं नुसतं तिकडे बघितलं तरी ते उत्तर आहे. त्याला शब्द तुम्ही पुरवा: "हो, तो बघ चेंडू! खुर्चीखाली गेला."

चार-दोन शब्द आले की दोघांतलं एक निवडायला द्या. "लाल मोजे की निळे?" यात मुलाची सोय अशी, की उत्तराचा शब्द प्रश्नातच मिळतो. पण एक मेख आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१ ते २७ महिन्यांच्या मुलांना असे "हे की ते" प्रश्न विचारले, तर जवळजवळ ८५ टक्के वेळा मुलांनी शेवटी ऐकलेलाच पर्याय बोलून दाखवला. पर्यायांची अदलाबदल केली तरी तेच. मात्र बोट दाखवून निवडताना हा कल उरला नाही. म्हणून दोन्ही मोजे समोर धरा, एक शब्द बोलताना एक पुढे करा, दुसरा बोलताना दुसरा, आणि मग हात कुठं जातो ते बघा. (रात्री झोपायची वेळ झाली की "अजून खेळायचं की झोपायचं?" असं याच क्रमानं विचारणारे हुशार आईबाबा मला माहीत आहेत. त्यावर मी काही बोलणार नाही.)

हो-नाहीचे प्रश्न आपण दिवसभर विचारतो, पण भाषेच्या दृष्टीनं ते हलके. दोन वर्षांची मुलं अशा प्रश्नांना सरसकट "हो" म्हणून मोकळी होतात, हे तपासून पाहिलेलं आहे. "हा हत्ती आहे का?" हो. "ही मांजर आहे का?" हो. मुलाला कळलं की नाही ते आपल्याला कळत नाही, आणि मुलालाही "हो" पलीकडचा शब्द शोधावा लागत नाही.

यानंतरचं दालन काय, कोण, कुठे यांचं, आणि सगळ्यात जास्त मुक्काम इथंच करायचा. तीन प्रश्न मला विशेष आवडतात.

पहिला, "हे कुणाचं?" धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना हा खेळ आपोआप होतो. सदरा बाबाचा, टोपी बाबाची, पांघरूण बाबाचं, मोजे बाबाचे. मराठीत मालक तोच राहून वस्तूप्रमाणे चा-ची-चं-चे बदलतं. मोठ्या माणसांना शिकायला हे जड जातं, पण मुलाला नियम सांगावा लागत नाही. दोन बादल्या कपड्यांत तो कानावर पंचवीस वेळा पडतो.

दुसरा, "कुठं?" मूल आधी बोट दाखवतं, मग "तिथे" म्हणतं. तिथे या शब्दावर फार दिवस थांबू देऊ नका. "तिथे म्हणजे? पेटीत की पेटीमागे?" आत, वर, खाली, मागे, शेजारी हे शब्द यातूनच येतात. शिवाय मराठीत जागेचा शब्द लागला की नाव आपलं रूप बदलतं. घोडा असतो, पण बसतो घोड्यावर. मुलं "घोडावर" म्हणतात, आणि काही दिवस म्हणू द्यावं. तुम्ही तेवढं "हो, घोड्यावर बसला!" म्हणत राहा.

तिसरा, "काय करतोय?" वस्तूंची नावं मुलांकडे भराभर जमतात, क्रियापदं मागे राहतात. "हे काय?"ला उत्तर एका शब्दाचं, "भूभू". "भूभू काय करतोय?"ला "पळतोय", आणि दोन्ही जोडले की वाक्य झालं. ज्या घरात नुसतं "हे काय?" विचारलं जातं, तिथल्या मुलाकडे नावांचा ढीग असतो आणि ते एकमेकांना बांधायला दोरा नसतो.

कसं, का आणि कधी हे उशिरा येतात. त्यातही "का" मराठीत दुहेरी अडचणीचा. "पाऊस का आला?" आणि "पाऊस आला का?" यांत शब्द तेच, फक्त जागा वेगळी. अडीच वर्षांच्या मुलाला पहिला विचारला आणि त्यानं "हो" म्हटलं तर ते चुकलं नाही, त्यानं दुसरा ऐकला. "कशामुळे?" किंवा "काय झालं म्हणून?" असं विचारलं तर घोटाळा कमी होतो. आणि रडणाऱ्या मुलाला "का रडतोयस?" विचारू नये. त्याला माहीत असतं तर ते रडलं नसतं, बोललं असतं. "पडलास? की खेळणं गेलं?" हे त्याच्या आवाक्यातलं.

"कधी" सगळ्यात शेवटी. काल आणि उद्या यांचा घोळ चार-पाच वर्षांपर्यंत चालतो. त्यातून आपण "परवा" हा एकच शब्द मागच्या आणि पुढच्या, दोन्ही दिवसांना वापरतो; त्यात मुलाचा काय दोष! "आंघोळीच्या आधी की नंतर?" असं विचारा. घडणाऱ्या गोष्टींना टांगून दिलं की वेळ मुलाच्या हाताला लागते.

बालवर्गातल्या ताईंना एक चौकट उपयोगी पडेल. मॅरियन ब्लँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये शिक्षकांच्या प्रश्नांच्या चार पातळ्या मांडल्या. डोळ्यांसमोर आहे त्याचं नाव सांगणं ही पहिली. त्याच वस्तूतला एखादा बारकावा हेरणं, म्हणजे रंग, उपयोग, कोण काय करतंय, ही दुसरी. दिसतंय त्याची मनात फेरमांडणी करणं ही तिसरी: "आधी काय झालं असेल?", "यातली न उडणारी वस्तू कोणती?" आणि कारण किंवा अंदाज सांगणं ही चौथी: "हा मनोरा पडेल असं तुला कशावरून वाटतं?" व्यवहारात यातून एवढं घ्यायचं: मूल चौथ्या पातळीवर अडलं की तिसरीवर उतरा, तिथंही अडलं की दुसरीवर. "मनोरा का पडेल?" गप्प. "खाली कोणता ठोकळा आहे, मोठा की छोटा?" "छोटा." "छोट्यावर मोठा ठेवला. मग काय होईल?" आता बहुतेक वेळा उत्तर येतं.

पायरी तिसरी : विचारलंत ना? आता थांबा

मला वाटतं, सबंध लेखातली ही सगळ्यात अवघड पायरी आहे आणि हिला शब्दच नाहीत.

अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतलं बोलणं टेप करून तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत होते. तेवढ्यात उत्तर आलं नाही की दुसऱ्या मुलाला विचारायचे, किंवा प्रश्न बदलायचे, किंवा स्वतःच सांगून टाकायचे. हाच थांबा तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं, एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. ती शाळकरी मुलं होती. आपल्या मुलाला शब्द ऐकायचे आहेत, त्यातला अर्थ काढायचा आहे, उत्तराचा शब्द शोधायचा आहे आणि जीभ-ओठ त्या आकारात आणायचे आहेत. त्याला तीन सेकंदही कमीच. मी मनात सावकाश सातपर्यंत मोजते.

करून बघा. तिसऱ्या आकड्याला तुमची जीभ वळवळायला लागेल. पाचव्याला वाटेल, मुलाला ऐकूच आलं नाही. त्या वेळात तोंड मिटलेलं, भुवया किंचित वर, नजर मुलाकडे, फोनकडे नाही. पुष्कळदा सहाव्या आकड्याला ओठ हलतात.

सात झाले आणि तरीही काही आलं नाही, तर तोच प्रश्न त्याच शब्दांत एकदा विचारा. शब्द बदलले की मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मग परत थांबा. तरी नाही, तर प्रश्न सोपा करून दोनांतलं एक निवडायला द्या. तेही नको असेल तर उत्तर तुम्हीच आनंदानं सांगा आणि खेळ पुढे न्या. "बोल ना, बोलल्याशिवाय देणार नाही" हे मात्र नको. खेळणं, पाणी, मांडीवरची जागा, यातलं काहीही शब्दाच्या बदल्यात तारण ठेवू नये.

पायरी चौथी : उत्तर उचला आणि थोडं वाढवून परत द्या

भाचा दोन वर्षांचा असताना, बाहेर निघण्याच्या गडबडीतलं हे बोलणं.

"अरे, एकच मोजा! दुसरा कुठं गेला?"

तो खाली बघतो. "गेला."

"गेला खरा. कुठं गेला असेल?" मी थांबते.

तो बूट उचलतो, आत डोकावतो. "बूट आत."

"बुटाच्या आत! बुटाच्या आत लपला होता होय?"

"लपला!" पुन्हा बूट उपडा करतो. "मोजा लपला."

अर्ध्या मिनिटाचं बोलणं. "बूट आत" हे चुकलं असं मी म्हटलं नाही. बरोबर रूप तेवढं परत दिलं आणि "लपला" हा एक नवा शब्द त्यात सरकवला. तो त्यानं लगेच उचलला, आणि एका शब्दावरून दोन शब्दांवर आला. "बुटाच्या" मात्र उचललं नाही. त्याला आणखी काही महिने लागले. दोन गोष्टी दिल्या तर एक उचलली जाते, हा सरासरी व्यवहार चांगला आहे.

हिशोब असा ठेवा: मूल एक शब्द बोललं तर तुम्ही दोन-तीन बोला, दोन बोललं तर चार. "मोजा"ला "हो, हा निळ्या रंगाचा, तुझ्या मावशीनं गेल्या वर्षी आणलेला मोजा आहे" हे उत्तर झालं नाही, ते भाषण झालं.

चूक दुरुस्त करण्याचीही हीच रीत. मूल म्हणालं, "मी चित्र काढली." तुम्ही म्हणा, "अरे वा, चित्र काढलंस! आणि ही रेघ पण काढलीस?" काढलं, काढली, दोन्ही कानावर गेलं. "काढली नाही, काढलं म्हण" असं म्हणालात तर मूल चित्राबद्दल बोलायचं थांबवेल आणि तुमच्या तोंडाकडे बघत बसेल.

मराठी घरांत हमखास दिसणारी एक गंमत. आपण विचारतो, "तुला हवंय का?" आणि मूल हात पुढे करून म्हणतं, "तुला हवंय." त्याला स्वतःलाच हवं असतं. आपण दर वेळी त्याला "तू, तुला, तुझं" म्हणतो, म्हणून त्याला वाटतं ते आपलंच नाव. हसू नका आणि उलगडून सांगायलाही जाऊ नका. त्याचा हात त्याच्या छातीवर ठेवून त्याच्या वतीनं म्हणा: "मला हवंय!" आणि द्या. बहुतेक मुलांत तिसऱ्या वर्षाच्या आसपास हे सरळ होतं.

ही देवाणघेवाण इतकी महत्त्वाची का, याचा एक पुरावा २०१८ मध्ये मिळाला. चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरातलं बोलणं रेकॉर्ड केलं आणि त्यांच्या मेंदूचे स्कॅनही घेतले. मोठी माणसं एकूण किती शब्द बोलली यापेक्षा मूल आणि मोठं माणूस यांच्यात आलटून-पालटून किती वेळा बोलणं झालं, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाशी जास्त संबंध दिसला. घरात दिवसभर टीव्ही बडबडत असला तरी तो मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

पायरी पाचवी : पुस्तक वाचू नका, पुस्तकावर बोला

ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या आईबाबांचे दोन गट केले. दोन्ही गट महिनाभर घरी मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवत होते. एका गटाला एवढंच सांगितलं, की सलग वाचन कमी करा, बोट दाखवून उत्तर देता येईल असे प्रश्न कमी करा, "काय चाललंय इथं?" असे मोकळे प्रश्न वाढवा, आणि मुलाचं उत्तर वाढवून परत द्या. महिन्याअखेरीस या गटातली मुलं बोलण्याच्या चाचण्यांत पुढे होती. नऊ महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा फरक कमी झाला होता, पण होता.

घरी करताना पहिल्या दिवशी पुस्तक सरळ वाचा. गोष्ट कळू दे. दुसऱ्या दिवशी पानापानावर एखादा काय-कोण-कुठे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाक्य अर्धवट सोडा: "आणि ससा धावत धावत..." मुलाला पाठ झालेलं असतं, ते पूर्ण करतं, आणि आपण पुस्तक वाचतोय असा त्याला भास होतो. तो भास मोडू नका. मग हळूहळू पुस्तकातून बाहेर या: "हा भिजलाय. तू कधी भिजला होतास?"

प्रत्येक पानावर विचारू नका. गोष्ट रंगात आली असेल तर मुकाट्यानं वाचा. सशामागे कोल्हा लागलाय आणि तुम्ही "सशाचा रंग कोणता?" विचारलंत, तर तुमच्या हातातून पुस्तक हिसकावून घ्यायचा मुलाला पूर्ण हक्क आहे.

तेच पुस्तक पुन्हा हवं असं मूल म्हणतं, तेव्हा आपल्याला कंटाळा येतो. त्याला येत नाही, कारण दर खेपेला त्याला आणखी थोडी उत्तरं येत असतात.

पायरी सहावी : जे समोर नाही त्याबद्दल

"आज काय केलंस?" "काही नाही." हा संवाद जगभरच्या घरांत रोज संध्याकाळी होतो. मूल लपवत नसतं. सबंध दिवसातून एक तुकडा निवडायचा आणि त्याला शब्द द्यायचे, हे फार मोठं काम आहे. तुम्ही धागा द्या. "तुझ्या गुडघ्याला माती लागलीय!" इतकं म्हणून थांबलं तरी घसरगुंडीची कथा बाहेर येते. किंवा आधी स्वतःचं सांगा: "माझी छत्री आज वाऱ्यानं उलटी झाली." त्यावर मुलाकडून स्वतःचं काहीतरी निघतं. त्यात खरं किती आणि रचलेलं किती याची उलटतपासणी घेऊ नये.

पायरी सातवी : मूल विचारायला लागलं की

तिसऱ्या वर्षाच्या सुमारास चेंडू तुमच्याकडे यायला लागतात. मोठ्या माणसांशी बोलताना या वयाची मुलं तासाला शंभरच्या आसपास प्रश्न विचारतात, असं अशा संभाषणांच्या नोंदी मोजल्यावर दिसलं आहे. थकायला होतं. प्रत्येकाला उत्तर द्यायलाच हवं असं नाही, पण दहांतल्या एखाद्याला "तुला काय वाटतं?" असं परत विचारा. चार वर्षांच्या एका मुलीनं मला विचारलं, "सावली रात्री कुठं जाते?" मी तिलाच विचारलं. तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, "रात्र म्हणजे सगळ्यांची सावली." मी पुढे काही विचारलं नाही.

"तुला काय वाटतं?" हे मात्र दर वेळी वापरू नका. मुलाला पाचव्या खेपेला कळतं, की तुम्हाला उत्तर द्यायचा कंटाळा आलाय.

काही गोष्टी टाळा

पाहुण्यांसमोर "काकांना रंग सांगून दाखव" हे बंद करा. काकांना रंग माहीत असतात. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक आहे, असा प्रश्न म्हणजे परीक्षा, आणि मुलांना ते दोन वर्षांच्या वयातही कळतं. "कोणतं पांघरूण घेऊ या?" याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नसतं; अशा प्रश्नाला मुलं जास्त जीव लावून उत्तर देतात.

दोन ते पाच या वयात बरीच मुलं बोलताना अडखळतात: "मी मी मी... मला..." अशा दिवसांत प्रश्न कमी करा आणि स्वतःचं बोलणं सावकाश करा. "नीट बोल", "श्वास घे आणि मग सांग" असं म्हणू नका. वाक्य त्याला पुरं करू द्या.

घरात दोन भाषा असतील तर ज्याला जी सहज येते, त्यानं त्या भाषेत विचारावं. मूल उत्तरात दोन्ही मिसळेल. ते गोंधळल्याचं लक्षण नाही. हाताशी आला तो शब्द त्यानं वापरला. "अप्पा, डॉग झोपला" याला "हो, कुत्रा झोपलाय" एवढंच.

तज्ज्ञाकडे कधी जावं

प्रश्नांच्या खेळानं मूल बोलतं होतं, पण ऐकू कमी येत असेल किंवा दुसरी काही अडचण असेल, तर नुसत्या खेळानं ती सुटत नाही. अमेरिकेतल्या सीडीसी या आरोग्यसंस्थेनं २०२२ मध्ये सुधारलेल्या यादीत, बहुसंख्य मुलांना जमतं असं जे धरलं आहे, ते असं: दीड वर्षाला आई-बाबा सोडून तीन तरी शब्द, दोन वर्षांना दोन शब्द जोडणं, अडीचला पन्नासेक शब्द, तीनला कोण-काय-कुठे-का विचारणं आणि बोलण्यात निदान दोनदा देवाणघेवाण. यात मूल मागे वाटलं तर "त्याचा काकाही उशिराच बोलला होता" यावर विसंबू नका. आधी कान तपासून घ्या आणि मग वाचा-उपचारतज्ज्ञाला भेटा. आधी येत असलेले शब्द मूल विसरायला लागलं, हाक मारल्यावर वळत नाही, किंवा वर्षाचं होऊन गेलं तरी बोट दाखवत नाही, तर थांबूच नका.

जाताना दोन गोष्टी न्या. एक, आठवडाभराची वही: कोणते प्रश्न विचारले आणि मुलानं कशानं उत्तर दिलं, म्हणजे नजरेनं, बोटानं की शब्दानं. "काही बोलत नाही" यापेक्षा "कुठे विचारलं की बोट दाखवतो, पण काय विचारलं की बघतही नाही" हे तज्ज्ञाला दहापट उपयोगी पडतं. दुसरी, घरातल्या बोलण्याचं दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग, कारण अनोळखी खोलीत मूल तोंड उघडेलच असं नाही. ते आधी स्वतः ऐकून घ्या.